पहिल्या वेळी दंडाऐवजी वर्ग भरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थकलेल्या ई-चलनांची बातमी आपल्या अंकात वाचली. रक्कम किती थकली, वसूल किती झाली, लोकअदालतीत किती सूट मिळणार, न भरणाऱ्यांवर काय कारवाई होणार, सगळं त्यात होतं. ज्यांना ही चलनं गेली त्यांच्यातला एक तरी गडी नंतर गाडी सावकाश चालवायला लागला का, हे मात्र कुठं नव्हतं. बातमीदाराला दोष देत नाही. सरकारच ते विचारत नाही, तर तो कुठून लिहिणार? वेगात पहिल्यांदा सापडलेल्याला दंडाऐवजी वर्गात बसवावं, इंग्लंडात तसं करतात, एवढंच माझं म्हणणं आहे. पण पत्र लांबणार आहे. काटछाट करायचीच झाली तर माझ्या एसटीच्या आठवणी कापा, इंग्लंडचा भाग ठेवा.

मी एसटीत चालक म्हणून लागलो आणि चालक प्रशिक्षक म्हणून निवृत्त झालो. सातारा विभाग. महाबळेश्वरचा घाट, पसरणी, खंबाटकी, कुंभार्ली हे माझे फळे आणि खडू. थोरली मुलगी इंग्लंडात रेडिंगला असते, लंडनच्या पश्चिमेला. मागे आम्ही नवरा-बायको तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा जावयांच्या नावानं पोलिसांचं पत्र आलं. गाडी त्यांच्या नावावर. ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर ती गाडी छत्तीसनं गेली होती. म्हणजे आपल्या हिशोबात अठ्ठेचाळीसच्या जागी अठ्ठावन्न. मला आधी हसू आलं. आपल्याकडे गावातनं अठ्ठावन्ननं जाणाऱ्याला लोक मागून हॉर्न मारतात.

पण त्या पत्राची रीत बघण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात गाडी सापडली की चौदा दिवसांच्या आत नोटीस मालकाच्या घरी पोचलीच पाहिजे, नाहीतर पोलिसांची बाजू लंगडी पडते. आणि मालकाला अठ्ठावीस दिवसांत लेखी सांगावं लागतं की त्या वेळी चाकावर कोण होतं. ते न सांगणं हाच वेगळा गुन्हा, आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा महागात जातो. जावयांनी मुलीचं नाव लिहून दिलं. (त्या संध्याकाळी घरात जेवताना फार बोलणं झालं नाही, ते जाऊ द्या.) मग दुसरं पत्र आलं, ते मुलीच्या नावाचं. त्यात तिच्यापुढे वाटा ठेवल्या होत्या. शंभर पौंड दंड भर आणि लायसन्सवर तीन गुण घे, किंवा कोर्टात जा, किंवा वेगाबद्दलचा एक वर्ग कर. वर्गाची फी तुझी तू भरायची. वर्ग पूर्ण केलास तर दंड नाही, गुणही नाहीत.

तिकडचे हे गुण म्हणजे बक्षीस नव्हे, उलटं खातं आहे. तीन वर्षांत बारा साचले की लायसन्स जातं, साधारण सहा महिन्यांसाठी. नव्या चालकाला तर पहिल्या दोन वर्षांत सहा गुण झाले की लायसन्सच रद्द, पुन्हा परीक्षेपासून सुरुवात. शिवाय विम्याचा हप्ता वाढतो. तेव्हा लोक वर्ग निवडतात ते काही ज्ञानाच्या ओढीनं नाही. माझ्या मुलीनंही नाही. फी दंडाच्या आसपासच होती, पण गुण वाचत होते.

वर्ग सगळ्यांना मिळत नाही. तीसच्या रस्त्यावर साधारण पस्तीस ते बेचाळीस मैलांत सापडलात तरच. त्याच्या वर गेलात तर गुण किंवा कोर्ट. आणि एकदा वर्ग केलात की पुढची तीन वर्षं पुन्हा ती सवलत नाही. थोडं चुकणारा आणि माजून चालवणारा यांच्यात तिथं रेघ मारलेली आहे.

पूर्वी हा वर्ग एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून व्हायचा. कोरोनापासून घरबसल्या व्हिडिओवर होतो. पावणेतीन तास. खोलीत दुसरं कुणी नको, अशी अट, म्हणून आम्हाला वरच्या मजल्यावर पिटाळलं. हिनं शेंगा सोलायला घेतल्या आणि मी खिडकीतून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजत बसलो. खाली मुलगी कॅमेऱ्याला लायसन्स दाखवून बसलेली. आठ-दहा जण आणि शिकवणारे दोघं. उशिरा आलेल्याला घेत नाहीत. एक गृहस्थ उभ्या गाडीत बसून मोबाइलवर वर्ग करायला बघत होते, त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी नम्रपणे बाहेर काढलं. परीक्षा नाही, पण गप्प बसून चालत नाही. प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात, बोलावंच लागतं.

वर्ग संपल्यावर मी खाली आलो आणि शिकाऊ चालकाची घ्यावी तशी तिची तोंडी परीक्षा घेतली. तिनं काय काय सांगितलं ते सांगतो, कारण माझा जीव त्यात अडकलाय.

पहिली गोष्ट दिव्यांच्या खांबांची. तिकडे रस्त्याकडेला ओळीनं दिव्याचे खांब असले आणि वेगळा फलक नसला, तर ती हद्द तीस मैलांची, वेल्समध्ये आता वीसची. फलक शोधायचा नाही, खांब बघायचे. मुलगी तिकडे इतकी वर्षं गाडी चालवते, लायसन्सची परीक्षा तिथंच पास झाली, तरी हा नियम तिच्या डोक्यातून पार गेला होता. वर्गातल्या बहुतेकांना तो सांगता आला नाही म्हणे, आणि त्यात जन्मानं तिथलेच जास्त. आता सांगा, दंडाची पावती हे कधी शिकवणार होती? पावतीवर रक्कम असते, तारीख असते, जागा असते. खांब नसतात.

दुसरी गोष्ट गिअरची. शिकवणारे म्हणाले, तीसच्या हद्दीत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून बघा. इंजिनाचा आवाज वाढला की पाय आपोआप हलका होतो. चौथ्या-पाचव्यात गाडी गुपचूप चाळीसवर जाते आणि कळतही नाही. हे ऐकून मी मुलीला म्हटलं, अगं, मी जन्मभर दुसरं काय सांगितलं? घाटात ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती म्हणाली, ‘आबा, तुम्ही मला कुठं शिकवलंत, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले.’ बरोबर होतं तिचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भावली. प्रत्येकाला विचारलं, त्या दिवशी वेग का वाढला? आरोपीला विचारतात तसं नाही, डॉक्टर विचारतो तसं. एकाला कामावर उशीर झाला होता. एकाला हद्द बदललेली कळली नाही. मुलीचं कारण असं की रस्ता रोजचा, थोडा उताराचा, आणि मागं एक टेम्पो डिकीला चिकटलेला. त्याच्या दडपणानं हिचा पाय खाली गेला. तिथं तिला उपाय मिळाला: मागचा चिकटला असेल तर पुढच्या गाडीपासून आणखी लांब राहायचं, म्हणजे ब्रेक एकदम दाबायची वेळ येत नाही आणि मागच्यालाही सावरायला वाव मिळतो. मागच्याच्या भीतीनं पुढं पळायचं नाही. हे वाक्य माझ्या पिढीतल्या किती चालकांना कुणी सांगितलं असतं तर आज ते असते.

आता एसटीची आठवण, कापायची तर ही कापा. आमच्याकडे अपघात झालेला किंवा तक्रार आलेला चालक उजळणीला यायचा. पहिल्या दिवशी तोंड पाडून, हात बांधून बसलेला. वीस-वीस वर्षं गाडी हाकलेली माणसं, त्यांना मी काय शिकवणार! मग मी त्यांना मैदानात न्यायचो. मोकळी गाडी, चुन्याची एक आडवी रेघ. ‘रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक मारणार. गाडी कुठं थांबेल तिथं तुमच्या हातानं दगड ठेवा.’ चाळीसला बहुतेकांचा दगड बरोबर लागायचा. साठला मात्र गाडी दगडावरून जाऊन पार पुढं थांबायची. दरवेळी. मग कुणी काही बोलायचं नाही. एक जण गाडीखाली वाकून दगडाकडं बघत बसला होता, तो मला अजून दिसतो. नंतर सांगायचो, ही गाडी मोकळी आहे, आता आत पन्नास माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या धरा.

ज्यांना मैदान नाही त्यांनी कागदावर करून बघावं. पन्नासच्या वेगानं चाललेल्या कारपुढे पोरगं आलं. डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरले, तर गाडी अठ्ठावीस मीटरच्या आत उभी राहते. तीच गाडी साठनं असेल तर त्याच जागी ती थांबलेली नसते, अजून चाळीसच्या वेगानं पुढं चाललेली असते. दहा जास्त म्हणजे पोराला दहाचा धक्का, असं आपल्याला वाटतं. तो चाळीसचा असतो. हा हिशोब नववीच्या पोराला येतो, पण लायसन्स असलेल्या शंभरांपैकी किती जणांनी तो कधी मांडला असेल?

दुसरा हिशोब वेळेचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सबंध रस्ता शंभरनं गेलात तर सत्तावन्न मिनिटं, एकशेवीसनं गेलात तर सत्तेचाळीस. तेही घाट नाही असं धरून, आणि घाट तर आहे; तिथं कारला साठची हद्द आहे. म्हणजे जिवावर उदार होऊन वाचवली किती, तर फार झालं तर दहा मिनिटं. ती पुण्यात शिरताना पहिल्या दोन सिग्नलला परत द्यायची असतात.

त्या मार्गावर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा लागली. वेग मोजते, लेन तोडलेली पकडते, सीटबेल्ट बघते. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, उलट बरंच झालं. पण तुम्हीच बघा काय होतं ते. मोबाइलवर संदेश येतो, तोही गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. गाडी पोरानं नेली होती की ड्रायव्हरनं, कुणी विचारत नाही. संदेश बघून मालक म्हणतो, राहू दे, लोकअदालत लागली की निम्म्यात मिटवू. चलनं साचत जातात आणि गाडी विकायच्या वेळी एकदम समोर येतात. तोवर ती कुठल्या वळणावरची, कुठल्या दिवसाची हे कुणाच्या लक्षात असणार? चुकीला आणि शिक्षेला एकमेकांची ओळखच उरत नाही. कॅमेऱ्याच्या अलीकडे ब्रेक आणि पलीकडे पुन्हा एकशेतीस, एवढं मात्र सगळे शिकले.

आपल्या कायद्यात प्रशिक्षणाची सोय नाही, असं नव्हे. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातल्या मोठ्या दुरुस्त्या लागू झाल्या. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला वेगासाठी एक ते दोन हजार दंड, आणि पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त करायची तरतूद. कलम १९ सांगतं की निलंबित लायसन्स परत हवं असेल तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं पाहिजे. म्हणजे कायदा करणाऱ्यालाही माहीत होतं की माणूस शिकवल्याशिवाय सुधारत नाही. फक्त वर्ग ठेवलाय सगळ्यात शेवटी, लायसन्स गेल्यावर. पहिल्यांदा सापडला, थोडक्यात सापडला, अजून सुधारण्यासारखा आहे, त्याच्या वाट्याला नुसती पावती. कलम २०० मध्ये तडजोडीच्या रकमेबरोबर समाजसेवा लावायची मुभाही राज्यांना आहे. तिथंच वर्गाची वाट काढता येईल का, हे विधी खात्यानं बघावं. मी वकील नाही.

समृद्धी महामार्गावर २०२३ साली आपल्याच परिवहन विभागानं वेगानं आलेल्यांना बाजूला घेऊन समुपदेशन सुरू केलं होतं. कल्पना चांगली, मला तेव्हाही आवडली होती. पण नागपुराहून दिवसभर गाडी हाणत आलेल्या माणसाला टोलनाक्यावर उन्हात थांबवून चार शब्द सुनावणं, याला वर्ग म्हणता येत नाही. बायकापोरं गाडीत खोळंबलेली, त्याचं चित्त कुठं असणार! वर्ग निवांत वेळी, ठरवून, आणि त्यानं स्वतः पैसे मोजून केलेला पाहिजे.

मी हे परवा कट्ट्यावर बोललो तर एक जण लगेच म्हणाला, ‘म्हणजे तो निबंध का?’ सगळे हसले. हा टोमणा मला अपेक्षितच होता आणि आपल्या वाचकांच्याही मनात आला असेल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान गाडीनं दोन जिवांचा बळी घेतला, आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या एका निबंधानं या राज्यात ‘शिक्षेऐवजी शिक्षण’ या कल्पनेची जी नाचक्की केली, ती पुढची दहा वर्षं पुरेल. म्हणून आवाज चढवून सांगतो: माणूस मेला, जखमी झाला, चालक प्यायलेला होता, वय नव्हतं, वेग हद्दीच्या दीडपट होता, अशा कुणालाही वर्गाची सवलत नको. त्यांच्यासाठी कोर्ट आहे, तुरुंग आहे. मी बोलतोय तो साठच्या हद्दीत बाहत्तरनं गेलेल्या शाळामास्तराबद्दल, भाजीच्या टेम्पोवाल्याबद्दल, माझ्या मुलीबद्दल. यांची संख्या फार आहे आणि उद्याचे अपघात यांच्यातूनही होणार आहेत. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या नोंदीखाली. महाराष्ट्रात १५,२२४. हे सगळे काही दारुड्यांनी आणि श्रीमंतांच्या पोरांनी मारलेले नाहीत.

दुसरी शंका पैशाची. फी दंडाएवढीच किंवा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे स्वस्तात सुटला असं कुणी म्हणणार नाही. इंग्लंडातही लोक कुरकुरतात की फीचा काही भाग पोलिसांकडे जातो, म्हणून कॅमेरे कमाईसाठी लावलेत. तशी कुरकुर इथं दुप्पट होईल. फीचा हिशोब दर वर्षी जाहीर करावा, एवढंच सुचतं.

तिसरी शंका मात्र खरी आहे आणि तिनं माझी झोप उडवली आहे. आपल्याकडे वर्ग सुरू झाला की दुसऱ्या दिवशी आरटीओच्या बाहेर झाडाखाली सर्टिफिकेट मिळायला लागेल. ‘साहेब, बसायची गरज नाही, आधार कार्ड द्या, दुपारी घेऊन जा.’ लायसन्सच्या परीक्षेचं काय झालं हे आपण पाहिलं आहे. प्रथमोपचाराची, प्रदूषणाची कागदं कशी निघतात तेही. तेव्हा हा धंदा करायला कुणालाही परवाना देऊन मोकळं व्हायचं असेल तर त्यापेक्षा दंडच बरा, असं मी स्पष्ट म्हणतो. तिकडं हे जमतं कारण वर्ग जिवंत माणूस घेतो, समोर आठ-दहाच तोंडं असतात, प्रत्येकाची ओळख पटवलेली असते आणि प्रत्येकाला बोलावं लागतं. चित्रफीत लावून दिली आणि खाली ‘मी पाहिले’ असं बटण ठेवलं, तर आपला माणूस बटण पोराकडून दाबून घेईल. जिवंत शिक्षक, छोटी तुकडी, कॅमेरा, ही तीन बंधनं सुटली की योजना बुडाली.

आणि चालक कोण होता हे आधी ठरलं पाहिजे. मालकाऐवजी ड्रायव्हरला वर्गात बसवलं, किंवा ड्रायव्हरऐवजी मालकाचा मेहुणा बसला, तर उपयोग काय? चलनाच्या संदेशातच विचारा, गाडी कोण चालवत होतं, लायसन्स नंबर द्या. ठराविक दिवसांत उत्तर नाही आलं तर मालकाला दुप्पट. एवढं एक जरी केलं तरी ट्रॅव्हल्सचे आणि टँकरचे मालक जागे होतील, कारण कुठल्या चालकाचं नाव कितीदा येतं ते त्यांच्याच सहीनं नोंदलं जाईल.

वर्गानं इंग्लंडात चमत्कार झाला, असंही नाही. तिथल्या परिवहन खात्यानं २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ पोलिस दलांकडची २०१२ ते २०१७ ची नोंद, लाखो चालक. ज्यांनी वर्ग केला त्यांच्यातले तीन वर्षांत पुन्हा सापडले सुमारे २१ टक्के. ज्यांनी दंड घेतला त्यांच्यातले सुमारे २३. सुरुवातीच्या सहा महिन्यांत फरक जास्त, नंतर कमी होत जातो. अपघात कमी झाले असं त्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता आलं नाही. जावयांनी हे मला वाचून दाखवलं तेव्हा ते जरा विजयी मुद्रेनं बघत होते. मी त्यांना म्हटलं, अहो, एका पावणेतीन तासांत दोन टक्के, ते पण ज्यांनी फी स्वतः भरली त्यांच्यात, सरकारचा खर्च न होता! आमच्या आगारात डिझेलच्या सरासरीत लिटरमागं अर्धा किलोमीटर वाढला तर पेढे वाटले असते.

वर्गाचा आणखी एक फायदा कुणी बोलत नाही. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावर जे इंग्रजी एस सारखं वळण लागतं, तिथं किती गाड्या उलटल्या हे साताऱ्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. समजा वर्गात बसलेल्या दहांतल्या सहांनी सांगितलं की त्या वळणाआधीचा फलक झाडात लपलाय, किंवा उतारावर हद्द एकदम बदलते आणि सावरायला जागाच नाही, तर ती तक्रार शिक्षकाच्या वहीत पडते. तीच सहा चलनं असती तर ती सहा रकमा म्हणून यंत्रात पडली असती. महिन्याला ती वही रस्ते खात्याकडे गेली तर निदान फांद्या तरी छाटल्या जातील. चूक चालकाची की रस्त्याची हे कॅमेऱ्याला कळत नाही.

आणि जड वाहनं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रक येऊन गाड्यांना चिरडतात, दर वर्षी छापून येतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून उतार सुरू होतो आणि डिझेल वाचवायला कित्येक चालक गाडी न्यूट्रलला टाकतात. इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, लायनरचा वास यायला लागतो, मग पायाखाली काही लागत नाही. वास आला तेव्हाच गाडी बाजूला घेऊन थांबायला हवं होतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मालकानं मात्र लिटरमागं किती पळाली ते दर फेरीला विचारलेलं असतं. अशा चालकाला वरच्या बाजूला कॅमेऱ्यानं टिपलं आणि चार हजारांचं चलन मालकाच्या फोनवर गेलं, तर तो पुढच्या फेरीला ते चार हजार भरून काढायला आणखी लवकर न्यूट्रल टाकेल. त्याला एक दिवस गाडीत बसवून, शेजारी जुना चालक देऊन तो उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवून दाखवला पाहिजे. इथं व्हिडिओचा वर्ग पुरणार नाही, प्रत्यक्षच हवं. यासाठी भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, एसटीची विभागीय प्रशिक्षण केंद्रं आहेत. नवीन इमारती बांधायची गरज नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर एकाच जिल्ह्यात आणि फक्त कारवाल्यांसाठी करा. साताराच घ्या, महामार्ग आहे, घाट आहे, शाळेपुढचे रस्ते आहेत, सुट्टीला महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या आहेत. पहिल्यांदा सापडलेल्याला, हद्दीपेक्षा ठराविक मर्यादेपर्यंतच वर गेलेल्याला, मराठीतून वर्गाचा पर्याय द्या. तीन वर्षांतून एकदाच. वर्षभरानं वर्ग केलेले आणि दंड भरलेले यांच्यात पुन्हा किती सापडले ते मोजा आणि आपल्याच अंकात छापा. फरक दिसला नाही तर बंद करा, माझी तक्रार नाही.

शिक्षक कुठून आणणार, हा प्रश्न तर विचारूच नये. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर मिरवलेले चालक या राज्याच्या प्रत्येक तालुक्यात सकाळी पेपर वाचत बसलेले आहेत. त्यांचं ऐकायला घरात कुणी तयार नसतं. परिवहन आयुक्तांनी बोलावलं तर आमच्या विभागातले आम्ही काही जण शनिवार-रविवार यायला तयार आहोत. मानधनाचं नंतर बघू. फक्त वर्गापुढं थोडं मोकळं मैदान, एक जुनी गाडी आणि चुन्याचं पोतं द्या.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त चालक प्रशिक्षक, सातारा